हातचे दोन

माणशी पन्नास लिटर, मी म्हणालो.
घरात माणसं किती?

सिरानुशनी पिठाच्या हाताचं एकेक बोट मिटलं:
मी. हे. अर्ताक. झिराइर.
म्हणजे दोनशे.
वहीत दोनशे लिहिलं आणि पत्र्यावर चढलो.

वायोत्स झोरमध्ये ऊन विकत घ्यावं लागत नाही.
दगड उकलेल अशा थंडीतसुद्धा
अकराच्या सुमाराला पत्रा हाताला कोमट लागतो.
होकायंत्र खिशात होतं, पण काढलं नाही.
इथे दक्षिण म्हणजे
ज्या बाजूचं बर्फ आधी ठिबकतं ती.
कोन पंचावन्न अंशांचा धरला.
हिवाळ्यातला सूर्य डोंगरावर कोपर टेकून बसतो,
त्याच्याशी नजर भिडवायची तर
काचेच्या नळ्यांना आडवं पडून चालत नाही.

मग अक्रोड.
एक ते अडीच, सावली नेमकी मधोमध.
ही फांदी तोडावी लागेल, मी वरून ओरडलो.
खालून उत्तर आलं:
तू उतर, तुझा हात तोडते.

तर मग गोठ्याचं छप्पर.
तिथून न्हाणीपर्यंत चौदा मीटर पाइप,
आणि चौदा मीटर म्हणजे
पाणी वाटेतच निम्मं थंड.
गुंडाळायला फोम लागेल, तो येरेवानहून आणायचा.
त्या काही न बोलता आत गेल्या,
दोन्ही हातांत न मावणारी लोकर घेऊन आल्या.
गेल्या वसंतातली, धुतलेली, पिंजलेली.
गाद्या भरायच्या होत्या, म्हणाल्या. दोन.
आता कोण झोपतंय त्यांवर.

मी दारामागच्या खुंट्या मोजल्या: चार.
त्यांवरचे कोट: दोन.

अर्ताक क्रास्नोदारला फरश्या बसवतो.
झिराइर त्याहून कुठेतरी वर,
तिथून फोन आला की आधी वारा ऐकू येतो,
मग तो.
ऑगस्टात येतात.
कधी ते येतात, कधी नुसते पैसे.

आता हे कसं सांगायचं,
की टाकी मोठी असली आणि आंघोळीला कोणी नसलं
तर जूनमध्ये पाणी आपलं आपणच उकळायला लागतं,
झडप शिट्ट्या मारते,
वाफ रिकाम्या अंगणात जाते.
न वापरलेलं ऊन वायसर खातं.
माझ्या धंद्यातली ही एक गोष्ट
मी गिऱ्हाइकाला नेहमी हळू आवाजात सांगतो.

सांगितली.
ऐकली की नाही, कळलं नाही.
किटलीतलं कढत पाणी त्या बादलीत ओतत होत्या,
वर गार, पुन्हा थोडं कढत,
मग कोपर बुडवून थांबल्या.
आतल्या खोलीत ह्राचिक खोकले.
रोज सात किटल्या लागतात ह्यांना, म्हणाल्या,
पाठच केवढी आहे. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय.
मग बादली उचलताना, माझ्याकडे न बघता:
त्या दोघांचं मात्र…
आणि आत गेल्या.

शाळेत बेरीज करताना
आम्ही हातचा आकड्याच्या डोक्यावर लिहायचो,
बारीक, पुसट,
पुढच्या घरात मिळवायचा म्हणून.
तो विसरला की सगळं उत्तर चुकायचं.
तो खाली लिहिला तरी चुकायचं.

दोनशे खोडलं. एकशेवीस.
शंभर दोघांचे, वीस त्या पाठीचे.
आणि टाकीच्या बुडाशी, नकाशावर,
एक टी काढली,
पुढेमागे दुसरी टाकी जोडता येईल अशी.
तोवर तिच्या तोंडाला पितळी बूच.

निघताना त्यांना म्हणालो,
लोकर निम्मीच पुरे, उरलेली आत ठेवा.

चौदा मीटरला निम्मी पुरत नाही.
ते मी बघतो.